स्वीडनचे २०२१ हे वर्ष कसे अभ्यासावे
लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची टिपणे काढणाऱ्यांनी स्वीडनच्या २०२१ या वर्षाची सुरुवात तारखांपासून न करता नियमापासून करावी: ३४९ सदस्यांच्या संसदेत, म्हणजे रिक्सदागमध्ये, पंतप्रधानाला बहुमत मिळवावे लागत नाही, विरोधात १७५ मते पडली नाहीत की पुरते. आपल्याकडच्या विश्वासदर्शक ठरावाची सवय इथे आड येते. मग नव्या घरांच्या भाड्याचा वाद वाचावा. त्यावरून डाव्या पक्षाने साथ सोडल्याने २१ जूनला तेव्हाचे पंतप्रधान स्टेफान लोव्हेन अविश्वास ठरावात हरले. माग्दालेना आंदेरसन २४ नोव्हेंबरला संसदेत पंतप्रधानपदी निवडून आल्या, सरकारचा अर्थसंकल्प नामंजूर होऊन ग्रीन पक्ष बाहेर पडताच काही तासांत पायउतार झाल्या आणि २९ नोव्हेंबरला बाजूने १०१ व विरोधात १७३ मते असूनही पुन्हा पंतप्रधान झाल्या. हे आकडे वहीत चौकटीत लिहावेत.