जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन: शाफ्टची थरथर कशी घालवली

नव्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्स जुन्या चॅसीवर बसवलं की वेग घेताच फ्लोअरमधून थरथर येते. सगळे आधी शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणारा फिरता दांडा) बॅलन्स करायला धावतात. दोष बऱ्याचदा शाफ्टच्या कोनात असतो. गाडी चाकांवर, पूर्ण वजनासह उभी ठेवून अँगल गेज लावला: पुढच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्याचा) कोन 3 अंश, मागचा 6, कारण पिनियनचं (अ‍ॅक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) तोंड खाली झुकलेलं! दोन्ही कोन सारखेच हवेत, नाहीतर पुढच्या क्रॉसची कमी-जास्त होणारी गती मागचा भरून काढत नाही. पाटा (मागची पट्ट्यांची स्प्रिंग) आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये 3 अंशांची पाचर घालून पिनियन वर उचलली, अ‍ॅक्सल पाट्याला आवळणारे यू-बोल्ट नवे टाकले. पाचर स्टीलचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमची दबते आणि यू-बोल्ट ढिले पडतात. स्लिप योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणारं टोक) पूर्ण आत ढकलून साधारण 25 मिमी बाहेर घ्या, नाहीतर खड्ड्यात तो गिअरबॉक्सवर आदळतो.