पाऊस उघडलाय, आता मेंढरांच्या पापण्या बघा

वर ऊन तापायला लागलंय, पायाखाली अजून ओल आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक, हुक्केरी या पट्ट्यात मेंढरं जंतानं दगावतात ती याच दिवसांत. रक्तपित्या गोलकृमीत (हिमोंकस) हगवण लागत नाही, मेंढरू चरणंही सोडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. एक दिवस कळपामागं राहिलेलं मेंढरू बसतं ते उठत नाही. चिरून बघितलं तर चौथ्या पोटात दोन-तीन सेंटिमीटरचे, लाल-पांढरा पीळ असलेले बारीक जंत सापडतात. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त पितो. हजार असले तर रोज 50 मिली. मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की आठवड्याभरात लेंडीतली अळी गवतावर चढते.

मरायच्या कितीतरी दिवस आधी ही रक्ताची तूट पापणीत दिसत असते. बघत कुणी नाही.

मेंढरू उजेडात धरा. वरच्या पापणीवरून अंगठ्यानं बुबुळ हलकं आत दाबा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढा आणि आतली कड लगेच बघून सोडा. फार वेळ उघडी ठेवली तर ती लाल होते आणि फसवते. धुळीनं डोळा आला असेल तरी तसंच, म्हणून दोन्ही डोळे बघा. लाल किंवा गुलाबी असेल तर औषध नको. पांढुरकी किंवा पांढरी फटक असेल तर त्याच दिवशी औषध. मधला फिकट गुलाबी रंग कोकरात, गाभण किंवा नुकत्याच व्यालेल्या मेंढीत दिसला तर तिलाही पाजा. दर 10 ते 15 दिवसांनी हेच, दिवाळी होईपर्यंत. सगळा कळप धरायला सवड नसेल तर सांजेला चरून येताना मागं राहणारी दहा धरा. आमचा अंदाज असा की खोट तिथंच निघते. दहात एकापेक्षा जास्त पांढरी निघाली तर फिकट गुलाबी असलेल्यांनाही औषध द्या.

जबड्याखाली पाणी उतरेपर्यंत थांबलात तर उशीर झाला समजा. ती सूज मऊ आणि थंड असते, दिवसभर मान खाली घालून चरलं की सांजेला वाढते, सकाळी ओसरते. गरम, दुखरी सूज, ताप आणि धाप असेल तर घटसर्पाचा संशय धरून लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा 1962 ला फोन करा.

औषध वजनावर, नजरेवर नाही. काटा टांगा. अल्बेंडाझोल मेंढीला किलोमागं 7.5 मिलिग्रॅम, 2.5 टक्क्यांच्या बाटलीतलं असेल तर 30 किलोच्या मेंढीला 9 मिली. सगळ्यांना टोपणानं पाच-पाच मिली पाजणं म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या चिवट जंतांची पैदास. शेळीला मेंढीचा डोस अपुरा पडतो, डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गाभण राहून दीड महिना झाला नसेल तर अल्बेंडाझोल नको. क्लोजँटेल किलोमागं 10 मिलिग्रॅम. जास्त झालं तर मेंढरू आंधळं होतं.

दुकानदार लिव्हर टॉनिकची बाटली आणि वर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन पुढं करतो. टॉनिकनं जंत मरत नाही आणि आयव्हरमेक्टिनचा पर्णकृमीवर (पानासारख्या चपट्या कृमीवर) काही उपयोग नाही. त्याच पैशात शेंगदाण्याची पेंड घ्या, पांढऱ्या पापणीच्या जनावराला रोज मूठभर चारा आणि त्याला लांब हाकू नका. पळवलं तर जागीच पडतं. मोरचूद पाजायची जुनी रीत सोडा, त्यातलं तांबं मेंढीला विष आहे.

बाकीची रोजची कामं:
- पाजताना मान सरळ, तोंड वर नको. औषध फुफ्फुसात जातं.
- चराई दव वाळल्यावर. अळ्या बुडख्यापासून चार-पाच सेंटिमीटरपर्यंतच जास्त.
- विकत आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं.
- खतासाठी बसवलेल्या रानात कोकरं लगेच चारू नका.

घटप्रभेच्या कॅनॉलकाठी, आटत चाललेल्या तळ्याकाठी चरणाऱ्या कळपात घाण वासाची पातळ हगवण दिसली तर गोष्ट वेगळी. गोगलगायींमुळं येणारे कोवळे चपटे कृमी आतड्यात असतात. लेंडीत अंडी दिसत नाहीत, आणि इथं पापणीवर भरवसा नको. ऑक्सिक्लोझानाइड किलोमागं 15 मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांना दाखवून.

अल्बेंडाझोल पाजायच्या दिवशी, पाजण्याआधी दहा मेंढरांची लेंडी थेट गुदातून घ्या, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात द्या. 10 ते 14 दिवसांनी त्याच दहांची पुन्हा. अंडी 95 टक्क्यांनी घटली नसतील तर डोस आणि पाजणं बरोबर झालं होतं का ते आधी बघा. तिथं चूक नसेल तर तुमच्या कळपात ते औषध आता लागू पडत नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या गटातलं मागा, त्याच गटातली महाग बाटली नको.