हलक्या पिस्टन विमानाच्या इंधन टाक्या कशा सांभाळाव्यात

ठाण्यात नौपाड्यातील माझ्या शनिवारच्या वर्गात येणारी बहुतेक मुले उड्डाणाच्या सरावासाठी बारामतीला जातात, आणि त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की इंधन संपणे वेगळे आणि दुसऱ्या टाकीत इंधन असताना इंजिन बंद पडणे वेगळे. दुसरा प्रकार केवळ सवयीने टाळता येतो.

प्रथम आपले विमान ओळखावे. सेस्ना 172 चे पंख वर असल्याने इंधन स्वतःच्या वजनाने खाली उतरते, आणि सिलेक्टर (टाकी निवडण्याची कळ) ‘बोथ’वर, म्हणजे ‘दोन्ही’वर, ठेवला की दोन्ही टाक्यांतून येते. पायपर वॉरियरचे पंख खाली असल्याने तेथे पंप लागतो, ‘बोथ’ची सोय नसते आणि टाकी वैमानिकालाच बदलावी लागते. वॉरियरच्या प्रत्येक टाकीत 25 गॅलन मावतात, पण वापरता येतात 24. हिशेब नेहमी वापरता येणाऱ्या इंधनाचाच करावा.

इंधनाच्या गेजचा काटा विमान कलले की हलतो, म्हणून टाकीचे झाकण उघडून डिपस्टिकने (खुणा केलेल्या काठीने) इंधन मोजावे. डिपस्टिक त्याच विमानाची असावी.

पाण्याच्या बाबतीत मात्र घाई करू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की अर्धवट भरलेल्या टाकीच्या आतल्या बाजूस रात्रीतून दव जमते, आणि जुने रबर सील असलेल्या झाकणातून पावसाचे पाणीही झिरपते. पाणी जड असल्याने तळाशी बसते. म्हणून पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यावर थोडे थांबून सर्व ड्रेनमधून (तळाशी असलेल्या निचऱ्याच्या झडपांतून) नमुना काढावा. एकदा पावसाळ्यात चार दिवस उभ्या असलेल्या विमानाचा नमुना मी काढला, तेव्हा सॅम्पलरमधील (नमुन्याच्या पारदर्शक भांड्यातील) द्रव अगदी स्वच्छ दिसला, थेंब नाही की रेघ नाही. पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर लक्षात आले की त्यात निळी छटाच नव्हती, म्हणजे तो सगळा नमुना पाण्याचाच होता. 100 एलएल एव्हगॅस, म्हणजे पिस्टन विमानांचे पेट्रोल, निळे असते, त्यामुळे रंग पाहिल्याशिवाय नमुना ठीक आहे असे म्हणू नये. शंका आल्यास कागदावर थेंब टाकावा: एव्हगॅस उडून जाते, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो.

ज्या टाकीवर टॅक्सी (जमिनीवरून विमान चालवणे) आणि रन-अप (उड्डाणापूर्वीची इंजिनाची चाचणी) केले, त्याच टाकीवर टेकऑफ करावा. ऐन धावपट्टीवर टाकी बदलू नये. हवेत पुरेशी उंची असताना, शक्यतो खाली उतरण्याजोगी जागा पाहून बदल करावा. वॉरियरमध्ये आधी विजेचा पंप सुरू करावा, सिलेक्टर फिरवून तो खाचेत नीट बसल्याची बोटांनी खात्री करावी, फ्युएल प्रेशर पाहावे आणि मगच पंप बंद करावा. बदलाची वेळ गुडघ्यावरच्या पॅडवर लिहावी. तासाला साधारण 9 गॅलन खर्च धरला तर एक टाकी अडीच तासांहून थोडी अधिक पुरते. मी दर अर्ध्या तासाने बदलायला लावतो, म्हणजे पंखांचा तोलही राहतो.

इंजिन अडखळले तर विमानाचा ग्लाइडचा वेग राखून लगेच दुसरी टाकी, विजेचा पंप, रिच मिक्श्चर (हवेत इंधनाचे प्रमाण वाढवणे) आणि कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणे) असा क्रम हाताला पाठ असावा.

उतरल्यावर वजनाच्या मर्यादेत बसत असेल तर टाक्या भरून ठेवाव्यात, म्हणजे दव जमायला जागा उरत नाही. जमीन उतरती असल्यास सेस्नाचा सिलेक्टर एका टाकीवर ठेवावा, नाहीतर इंधन खालच्या पंखात वाहते. व्हेंटच्या (टाकीत हवा जाण्याच्या) नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले नाही ना, हे दुसऱ्या दिवशी वाकून पाहावे.