चित्रपटगीतांच्या सीडीवरील रीमास्टरिंग कसे पारखावे

ज्या घरात दोन पिढ्यांनी गाणी जमवली आहेत, तेथे एकच गाणे बहुधा तीन ठिकाणी सापडते: नव्वदच्या दशकात नागपूर किंवा अमरावतीहून आणलेली चित्रपटाची मूळ सीडी, नंतर निघालेला ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असा ठळक शिक्का असलेला संग्रह, आणि तालुक्याच्या मोबाईल दुकानातून भरून घेतलेली दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी. यांपैकी कोणती जपावी, हे त्या शिक्क्यावरून ठरवू नये. आवाजावर नव्याने काहीतरी संस्कार झाला आहे एवढेच तो शिक्का सांगतो. तो संस्कार कोणत्या मूळ ध्वनिमुद्रणावर झाला आणि कितपत संयमाने झाला, हे आपल्यालाच शोधावे लागते. त्यासाठी एक बरा हेडफोन, सीडी ड्राइव्ह असलेला संगणक आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढे पुरते.

सीडीच्या स्वतःच्या क्षमतेविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ या मापात सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातला सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, आणि जुन्या चित्रपटगीताला त्याचा निम्मा-पाऊण भागही लागत नाही. म्हणून कव्हरावर ‘२४ बिट रीमास्टरिंग’ असे लिहिलेले असले, तरी ते स्टुडिओतील कामाचे वर्णन समजावे, कारण तबकडीवर शेवटी १६ बिटच उतरतात. खरा फरक मूळ स्रोतात असतो. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक हिंदी-मराठी गीते मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना एकच आवाज असलेली, होती. त्यांची सीडी करताना कधी मूळ चुंबकीय टेप मिळाली, कधी ७८ फेऱ्यांची तबकडी किंवा एलपी वापरावी लागली, तर कधी चित्रपटाच्या प्रिंटवरूनच आवाज उचलला गेला. प्रिंटवरचे गाणे लगेच ओळखू येते: वरचे स्वर दबलेले असतात आणि मध्येच संवादाचा किंवा पावलांचा आवाज येतो. मात्र ७८ च्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत असल्याने तबकडीवर गाळलेला एखादा अंतरा प्रिंटवर सापडतो, म्हणून अशी सीडी आवाजात कमी पडली तरी टाकून देऊ नये.

आधी कव्हर आणि तबकडी नीट पाहावी. ‘एएडी’ किंवा ‘एडीडी’ ही तीन अक्षरे अनुक्रमे ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि मास्टरिंग अॅनालॉग (ए) होते की डिजिटल (डी), हे सांगतात. त्यावरून दर्जा ठरत नाही. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे नाव २००० साली सारेगामा झाले, त्यामुळे कंपनीच्या नावावरूनही आवृत्तीच्या काळाचा अंदाज येतो. तबकडीच्या आतल्या चकाकत्या कड्यावर ‘आयएफपीआय’ (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) या अक्षरांसह बारीक संकेतांक असेल, तर ती १९९४ नंतरची समजावी. तो नसेल तर ती त्याआधीची किंवा चोरटी प्रत असू शकते.

ऐकण्याच्या जागेचा विचार आपल्याकडे सहसा होत नाही. उन्हाळ्यात कूलर चालू असताना दोन सीडींची तुलना करणे व्यर्थ आहे, कारण ज्या बारीक आवाजांवर निर्णय अवलंबून असतो, तेच कूलरच्या घरघरीत बुडतात. चांगल्या बाजारभावाची वाट पाहत घरात कापूस साठवलेला असेल, तर त्या खोलीत वरचे स्वर शोषले जातात आणि प्रत्येक सीडी मऊ वाटते. स्लॅबची रिकामी खोली उलट घुमते. वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर अॅम्प्लिफायर लावला, तर त्याचा गुणगुणाट गाण्याच्या माथी मारला जातो. म्हणून पहाटे, बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, हेडफोन लावून ऐकावे. बिछायत केंद्राच्या मोठ्या स्पीकरवर ही परीक्षा करू नये. ते दूरवर आवाज पोहोचवण्यासाठी असतात.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच गाळली जाते: दोन्ही आवृत्त्यांचा आवाज समान पातळीवर आणावा. जे किंचित मोठे वाजते ते कानाला अधिक चांगले वाटते, आणि नव्वदच्या दशकापासून पुष्कळ रीमास्टरिंग याच समजुतीचा फायदा घेत आले आहे. लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) लावून सारे गाणे वर ढकलले की पहिल्या ऐकण्यात ते भरदार वाटते. पण ढोलकीची थाप आणि तिच्या आधीची शांतता यांतले अंतर नाहीसे होते, आणि तासाभराने कान थकतात. दोन्ही फाइली ऑडॅसिटीत उघडाव्यात, ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा इफेक्ट -२३ लफ्सवर (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) ठेवून दोहोंना लावावा आणि मग आलटून पालटून ऐकावे. अनेकदा ‘भरदार’ रीमास्टर या पातळीवर येताच चपटा व निर्जीव वाटू लागतो. इफेक्ट लावण्यापूर्वीचे चित्रही पाहून घ्यावे: जुन्या सीडीत चढउतार असलेली रेघ दिसते, तर अतिरेकी रीमास्टरमध्ये वरखाली छाटलेला सलग पट्टा दिसतो. ‘शो क्लिपिंग’ चालू केले की छाटलेल्या जागा लाल होतात. असे छाटलेले शिखर नंतर आवाज कमी करून परत येत नाही.

समान पातळीवर ऐकताना कान कोठे लावावा, हेही ठरवून घ्यावे. गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’कडे प्रथम लक्ष द्यावे. खरखर काढण्याचे सॉफ्टवेअर जास्त चालवले असेल, तर ही अक्षरे तोतरी किंवा पाण्याखालून आल्यासारखी होतात. दुसरी खूण म्हणजे ओळ संपल्यावर उरणारी घुमणूक. स्टुडिओतील ती हलकी आस हळूहळू विरायला हवी. ती कापल्यासारखी थांबली तर खरखरीबरोबर खोलीचा आवाजही पुसला गेला आहे. तिसरी खूण मधल्या संगीताच्या तुकड्यात सापडते. तेथे सतार, मेंडोलिन किंवा घुंगरू वेगवेगळे ओळखता यायला हवेत. किंचित खरखर असूनही वाद्ये स्पष्ट असणारी सीडी मी निःशब्द पण कोरड्या सीडीपेक्षा नेहमीच वरची मानतो. झंकार बीट्सची आवृत्ती असेल तर पुढे ऐकण्याचे कारणच नाही, कारण मूळ गाण्यावर चढवलेला तो ठेका कोणत्याही उपायाने निघत नाही.

खोटा स्टीरिओ पकडण्याची युक्ती सोपी आहे. मोनो गाण्याचे दोन चॅनेल वेगळे करावेत, त्यांपैकी एकावर ‘इन्व्हर्ट’ (ध्वनिलहर उलटी करणारा इफेक्ट) लावावा आणि दोन्ही मोनो ट्रॅक एकत्र वाजवावेत. पूर्ण शांतता झाली तर गाणे शुद्ध मोनो आहे. गाणे नाहीसे होऊन केवळ टकटक आणि चरचर उरली, तर स्रोत तबकडी होती असे धरावे, कारण खाचेच्या दोन भिंतींवरची धूळ वेगवेगळी असते. केवळ मंद हिस्स (सततचा ‘स्स्स’ असा आवाज) उरला तर टेपची शक्यता मोठी. मात्र गायिकेचा आवाज पोकळ होऊन ऐकू येत राहिला, तर मोनो गाण्याला कृत्रिम स्टीरिओचे रूप दिलेले आहे. अशा वेळी दोन्ही चॅनेल मिसळू नयेत, कारण एक बाजू काही मिलिसेकंदांनी उशिरा सोडलेली असेल तर मिसळताच आवाज आणखी पोकळ होतो. दोहोंपैकी चांगला वाटणारा एकच चॅनेल ठेवावा.

एमपीथ्रीवरून बनवलेली सीडी ऑडॅसिटीच्या स्पेक्ट्रोग्राम दृश्यात (खालच्या-वरच्या स्वरांचे चित्र) उघडी पडते: १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग भिंत घातल्यासारखा सरळ कापलेला असतो. जुन्या टेपचे वरचे स्वर मात्र हळूहळू क्षीण होत जातात.

गाण्याची गती तपासायला गावातल्या भजनी मंडळाचा पेटीवादक उपयोगी पडतो. एक सीडी काळी एकमध्ये आणि दुसरी पांढरी दोनमध्ये वाजत असेल, तर त्यांपैकी एकीची गती चुकलेली आहे. अर्ध्या स्वराच्या या फरकाने ३ मिनिटे २० सेकंदांचे गाणे वेगाने वाजल्यास सुमारे ११ सेकंदांनी कमी होते. चूक कोणती हे पेटी सांगत नाही. त्यासाठी त्याच गायिकेची त्याच काळातील इतर गाणी शेजारी ठेवून आवाजाचा पोत ताडून पाहावा.

निवड झाल्यावर घरच्या घरी फार सुधारणा करण्याच्या भरीस पडू नये. सीडी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ या सॉफ्टवेअरने वाचून फ्लॅक स्वरूपात साठवावी, या स्वरूपात काहीही गळत नाही. मूळ प्रत तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर ठळक टकटक तेवढी काढावी. हिस्स कमी करायचाच असेल, तर गाणे सुरू होण्याआधीचा क्षणभराचा भाग नमुना म्हणून घेऊन ६ डेसिबलच्या आसपास थांबावे.

तबकडी वाचली जात नसेल, तर ती स्वच्छ पाण्याने ओली करून मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. नोंदीचा थर लेबलाच्या अगदी खाली असल्यामुळे त्या बाजूवर बॉलपेनने लिहू नये. टिनाच्या छताखालची खोली उन्हाळ्यात तापते, म्हणून सीडी तेथे न ठेवता मधल्या घरातील कपाटात उभ्या ठेवाव्यात. दुकानातून भरून घेतलेल्या सीडीचा रंगथर उजेडाने फिका पडतो, त्यामुळे तिच्यावर दुसरीकडे न मिळणारे गाणे असेल, तर त्याची प्रत सर्वांत आधी काढून घ्यावी.