मागच्याचं माप पुढच्याला लावू नका: घरच्या कुत्र्यांबाबत या चुका टाळा

ज्या घरात पहिल्यांदाच कुत्रा येतो, ते घर घाबरून का होईना, डॉक्टरांना चार प्रश्न विचारतं. खरा घोळ घालतात ती जुनी कुत्रेवाली घरं. आजोबांच्या वेळेपासून दारात कुत्रा, चार-पाच येऊन गेलेले, त्यामुळे 'आम्हाला नका शिकवू' हा ताठा. मोती दूध-भाकरीवर चौदा वर्षं जगला, मग याला कशाला ती इंजेक्शनं? टायगरनं ताप अंगावर काढला, हाही काढेल. मोती दूध-भाकरीमुळे जगला की नशिबानं, हे सांगायला मोती आता नाही. आणि त्याच्याच वेळची जी तीन पिल्लं आठवड्याभरात गेली, त्यांची आठवण कुणी काढत नाही.

नाव तेच, कुत्रा वेगळा

टायगर गेला की महिन्याभरात त्याच रंगाचं पिल्लू आणायचं आणि त्याचंही नाव टायगर ठेवायचं, अशी घरं गावोगाव आहेत. नावाला हरकत नाही. पिल्लाला काय, हाक मारली की शेपूट हलवायची. पण पहिला टायगर पट्ट्याशिवाय रस्त्यानं शेजारून चालायचा, म्हणून यालाही मोकळा सोडतात. पहिला फटाक्यांना भीत नव्हता, म्हणून यालाही लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणातच ठेवतात. मग पहिल्याच माळेला तो कुंपणावरून उडी मारून जातो तो जातोच.

जात बदलली तर सगळंच बदलतं. लॅब्राडोरनंतर हौसेनं कारवान आणणारे भेटतात. सोलापूर-सांगलीकडचा हा उंच, सडपातळ शिकारी कुत्रा नजरेनं सावज धरतो. शेळी पळताना दिसली की तुमच्या हाकेला तो भीक घालणार नाही. आयुष्याचा हिशोबही असाच निराळा. पॉमेरेनियन तेरा-चौदा वर्षं सहज काढतो, ग्रेट डेन सात-आठ वर्षांत आटोपतो. म्हणजे ग्रेट डेन सहा वर्षांचा झाला की तो म्हातारा समजायचा, 'अजून कुठं' म्हणायचं नाही.

पिल्लू गेलं, लगेच दुसरं आणलं

ही चूक सगळ्यात महागात पडते. पिल्लाला उलट्या होतात, रक्ताचे जुलाब होतात, दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. मुलं जेवत नाहीत म्हणून वडील त्याच आठवड्यात दुसरं पिल्लू आणतात आणि त्याच टोपलीत, त्याच गोधडीवर ठेवतात. तेही जातं. मग 'आमच्या घराला कुत्रं लाभत नाही' असं ठरतं.

लाभण्या-न लाभण्याचा प्रश्न नसतो, घरात पार्व्हो असतो. हा विषाणू फरशीच्या सांध्यांत आणि मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही तग धरतो. साध्या फिनेलवर विसंबू नका. टोपली, गोधडी, चघळायची खेळणी सरळ टाकून द्या. फरशी आधी साबणानं घासा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्या, त्यात ॲसिड अजिबात मिसळू नका. अंगणातल्या मातीला मात्र हा उपाय चालत नाही. त्या घरात पुढचा कुत्रा आणायचा तो सगळ्या लसी पूर्ण झालेलाच.

'एक इंजेक्शन झालंय' हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका. आईच्या दुधातून मिळालेली ताकद सुरुवातीच्या लसीला नीट काम करू देत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे होईपर्यंत लस द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. कार्ड फ्रिजवर लावा.

गोचीड काढली, पण घरातली राहिली

पावसाळ्यात कानाच्या घडीत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली हात घालून बघायची सवय हवी. गोचीड सापडली की रॉकेल लावणं, उदबत्तीचा चटका देणं हे प्रकार बंद. चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची. पण कुत्र्याच्या अंगावर दिसते ती थोडीच. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीवर चढते आणि खिडकीच्या चौकटीच्या फटीत हजारांनी अंडी घालते. कुत्र्याला औषध आणि घराला काहीच नाही, असं केलं की पंधरवड्यानं पुन्हा तेच.

गोचीड तापाची सुरुवात फसवी असते. अर्धी भाकरी ताटलीत राहते, कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो, दारावरची बेल वाजली तरी उठत नाही. नाक कोरडं आहे का, अंग गरम लागतं का, यावरून काही कळत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट. त्यापेक्षा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असायला हवी. बोटानं दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा लघवी कॉफीच्या रंगाची, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. रक्त तपासून घ्या. आणि औषधाचा कोर्स पूर्ण करा. डॉक्सीसायक्लिन बहुतेकदा चार आठवडे चालतं, चौथ्या दिवशी तो जेवायला लागला म्हणून गोळ्या थांबवायच्या नसतात. राहिलेल्या गोळ्या पुढच्या कुत्र्यासाठी डब्यात जपून ठेवणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं!

घरातली गोळी, देवाचा प्रसाद

माणसाची तापाची आणि दुखण्याची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेननं पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंडं बसतात, पॅरासिटामॉल लिव्हरवर जातं. 'लहान मुलाचा डोस दिला' यानं काही फरक पडत नाही.

खाण्यात कांद्या-लसणाचा रस्सा, चॉकलेट, शुगर-फ्री च्युइंगगम आणि शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत. पण आपल्याकडे हमखास सुटतात त्या मनुका. सत्यनारायणाचा शिरा 'देवाचा प्रसाद आहे, त्यालाही द्या' म्हणून मूठभर जातो. द्राक्षं आणि मनुकांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात आणि कुणाची होतील हे आधी कळत नाही. मागच्यानं तासगावच्या बागेत पोटभर द्राक्षं खाल्ली होती, हा पुरावा नव्हे.

'वय झालंय त्याचं'

या तीन शब्दांखाली बरे होण्याजोगे आजार दडपले जातात. नसबंदी न केलेली आठ-नऊ वर्षांची कुत्री पाळीनंतर महिन्या-दीड महिन्यानं बादलीभर पाणी प्यायला लागली, जेवण सोडलं, पोट सुटलं, तर ते वय नव्हे, गर्भाशयात पू झालेला असू शकतो. वेळेत ऑपरेशन झालं तर ती वाचते. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलं आणि तो नुसत्या कोरड्या ओकाऱ्या काढू लागला, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि हातात तास असतात, दिवस नाही.

म्हणून रात्री उघडा दवाखाना कुठे, हे आधीच विचारून ठेवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात गायी-म्हशींची रांग असते, तिथे कुत्रे नीट बघणारे डॉक्टर कोण, हे शेजारचा कुत्रेवाला सांगेल.

म्हातारपण म्हातारपणच असेल तेव्हाही करण्यासारखं बरंच असतं. चकचकीत फरशीवर मागचे पाय फाकतात, तिथे पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत गोणपाट अंथरा. घरात लघवी झाली तर ओरडू नका, त्याला धरवत नाही.

शेवटचा निर्णय

मागच्याला दयामरणाचं इंजेक्शन दिलं आणि मन खात राहिलं, म्हणून याला कितीही हाल झाले तरी ओढत ठेवायचं, हीसुद्धा चूकच. उलटही घडतं. त्याला आवडणाऱ्या चार गोष्टी ठरवा: फिरणं, अंड्याचा बलक, गेटपाशी बसणं, जे असेल ते. कालनिर्णयवर रोज बरा दिवस की वाईट, एवढी खूण करा. वाईट खुणा सलग दिसायला लागल्या की डॉक्टरांशी बोला. घरातल्या सगळ्यांनी तेच पान बघितलेलं असलं म्हणजे नंतर 'तुम्हीच घाई केली' हे भांडण होत नाही.

त्या दिवशी काय होतं ते आधी विचारून घ्या. बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा खोल श्वास येतो, लघवी सुटते. हे माहीत नसलं की 'त्याला त्रास झाला' हे वर्षानुवर्षं मनात राहतं. शक्य असेल तर जवळ थांबा.

पुरणार असाल तर विहिरीपासून लांब, तीन-चार फूट खोल. ते औषध शरीरात राहतं, उकरून खाणाऱ्या दुसऱ्या जनावराला बाधतं. मुंबईत महापालिकेनं 2023 मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवरची दाहिनी सुरू केली आहे. रेबीजची शंका असेल तर मात्र हात न लावता आधी डॉक्टरांना कळवा.

मुलांना 'गावाला पाठवलाय' सांगू नका, ती सुट्टीत गावाला जातात आणि शोधतात. 'झोपलाय' म्हटलं तर स्वतः झोपायला घाबरतात. मेला, असंच सांगा. ऑफिसात कुणी 'कुत्र्यासाठी कसलं सुतक' म्हणालं तर उत्तर द्यायची गरज नाही.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला गेलेल्याला हुंगू द्या. तो दोन-चार दिवस कमी खाईल, दारापाशी जाऊन बसेल. त्याच्या फिरायच्या आणि जेवणाच्या वेळा तशाच ठेवा. सलग दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तर ते दुःखच असेल असं धरून चालू नका. ओठ वर करून हिरडी बघा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या.