रोमन दगडकाम शिकायला जाताय? आधी खाचा बघा

वास्तुसंवर्धन शिकायला रोमला गेले तेव्हा पहिले दोन महिने मी कमानींचे फोटो काढण्यात घालवले. मग एकदा पडक्या भिंतीच्या उघड्या माथ्याशी उभं करून सरांनी विचारलं, "यावरचा थर कुठल्या बाजूने बसवत आणला होता?" मला सांगता आलं नाही. उत्तर समोरच्या दगडात होतं.

म्हणून सांगते, सुटा चिरा दिसला की त्याच्यापाशी बसा. माथ्यावर मधोमध तळाशी रुंद होत गेलेली खोल खाच असेल, तर तिच्यात लोखंडी पाचरी अडकवून दगड उचललेला असतो. माथ्यावरच दुसरीकडे उथळ खळगा दिसला तर तो पहारीचा. वरच्या थरातला चिरा शेजारच्याला भिडवायला पहार तिथे टेकवायची. ती लागते मोकळ्या बाजूने, त्यामुळे काम कुठून कुठे सरकलं ते खळगेच सांगतात. टोकाशी खाच असेल तर शेजारच्या चिऱ्याला जोडणारी लोखंडी पकड तिथे बसवून वर शिसं ओतलेलं असणार. सांध्याचा पृष्ठभागही हाताने चाचपा (परवानगी असेल तिथेच). बऱ्याचदा कडेची पट्टीच गुळगुळीत, मधला भाग मुद्दाम खोलगट नि खडबडीत ठेवलेला. घडाईचे श्रम वाचतात आणि बाहेरून सांध्यात नखही शिरत नाही. मला हे सगळ्यात सुंदर वाटतं.

कोलोसियमच्या दर्शनी भागावरची भोकं मात्र बांधणाऱ्यांची नाहीत, आतलं लोखंड काढायला मध्ययुगात दगड फोडले गेले. इ.स. 80 मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत सगळं एकाच दगडाचं समजू नका. भार घेणारे खांब तिवोली गावाजवळच्या ट्रॅव्हर्टाईनचे (एक प्रकारचा चुनखडीचा दगड), मधल्या भिंतींत हलका टफ (ज्वालामुखीच्या राखेचा दगड), वरच्या कमानदार छतांना काँक्रीट.

सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात टाकीचे घाव उठून दिसतात. टेप आणि वही हवीच. मोजून काढलेलं रेखाटन फोटोपेक्षा जास्त शिकवतं.

आपली हेमाडपंती मंदिरं पाहिलेल्यांना चुन्याविना बसवलेला दगड नवा नाही. त्यांनी फ्रान्समधला पाँ द्यु गार हा पाणी वाहून नेणारा रोमन पूल जरूर पाहावा. सुमारे 49 मीटर उंच, खालच्या मोठ्या कमानी चुन्याविना रचलेल्या, आणि दर्शनी भागावर पुढे आलेले दगड अजून तसेच. बांधताना लाकडी आधार त्यांवरच टेकवले होते.