या चुका टाळा: फ्लटरमध्ये स्वतःचं जेश्चर लिहिताना

समजा, फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बनवण्याच्या साधनसंचात) लिहिलेलं, हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाची नोंद ठेवणारं ॲप आहे. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक टोपली: सुरमई, बांगडा, कोळंबी. ओळ उजवीकडे सरकवली की टोपली विकली, ओळीवर बोटाने गोल काढला की नोंद रद्द. सरकवण्यासाठी तयार विजेट (स्क्रीनवरचा घटक) आहे, गोलासाठी मात्र स्वतःचा रेकग्नायझर, म्हणजे बोटाची खूण (जेश्चर) ओळखणारा कोड, लिहावा लागतो. तो लिहिताना बहुतेकांचा सगळा जीव गोल ओळखण्याच्या गणितात जातो. गणित सहसा ठीकच असतं. रेकग्नायझर वेळेवर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही, तिथे ॲप बिघडतं.

एका बोटावर अनेकांची बोली

बोट स्क्रीनला टेकलं की त्या जागेवरच्या विजेटांपैकी ज्यांना त्या बोटात रस आहे, त्यांचे रेकग्नायझर एका अरेनात, म्हणजे आखाड्यात, उतरतात. लिलावासारखंच आहे हे, माल एक आणि गिऱ्हाइकं अनेक: यादीचं उभं सरकणं, ओळीचं आडवं सरकणं, टॅप आणि तुमचा गोल. फरक एवढाच की इथे बोली चढत नाही. जो आधी ‘माझं’ म्हणेल त्याला बोट मिळतं, बाकीचे बाद. एक सोडून सगळे मागे हटले तर उरलेल्याला मिळतं. आणि बोट उचलेपर्यंत कोणीच तोंड उघडलं नाही, तर जो सर्वात आधी उतरला, म्हणजे बहुधा सर्वात आतल्या विजेटचा रेकग्नायझर, त्याच्या पदरात ते टाकलं जातं.

पहिली मोठी चूक इथेच होते. ‘ॲक्सेप्ट जेश्चर’ हे फंक्शन बोलावलं गेलं, म्हणजे जेश्चर पूर्ण झालं असं समजून कॉलबॅक (जेश्चर झाल्यावर चालायचं तुमचं फंक्शन) तिथेच चालवला जातो. त्या फंक्शनचा अर्थ फक्त ‘बोट तुमचं झालं’ एवढाच आहे. अरेनात तुमचा रेकग्नायझर एकटाच असेल, तर बोट टेकल्या टेकल्या, एक पिक्सेलही न हलता ते बोलावलं जातं. म्हणजे नुसता स्पर्श झाला तरी नोंद रद्द. यावर उपाय साधा आहे: दोन वेगळ्या खुणा ठेवा, ‘बोट मिळालं’ आणि ‘आकार जुळला’. दोन्ही खऱ्या असतील तेव्हाच कॉलबॅक चालवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे रिकाम्या स्क्रीनवर केलेली चाचणी. तिथे कोणी प्रतिस्पर्धीच नसतो, त्यामुळे कुठलाही रेकग्नायझर जिंकतो. तोच यादीत ठेवला की मुका होतो. पहिल्या दिवसापासून चाचणी यादीच्या आतच करा.

दुसरी चूक म्हणजे नकार न देणं. बोट उचललं, गोल जुळला नाही, आणि कोडमध्ये नुसतं ‘रिटर्न’. मग तिसरा नियम लागू होतो: कोणीच बोललं नाही म्हणून बोट सर्वात आतल्याला, म्हणजे तुमच्याच रेकग्नायझरला मिळतं, आणि बाहेरच्या ओळीचा टॅप मरतो. ‘कधी कधी टॅप लागत नाही’ अशी तक्रार आली की आधी हे तपासा. बोट उचलल्याचा इव्हेंट रेकग्नायझरला अरेना झाडला जाण्याच्या आधी मिळतो, त्यामुळे तिथे ‘रिझॉल्व्ह’ या फंक्शनला ‘रिजेक्टेड’ (नकार) देऊन बाजूला होता येतं. त्याहून चांगलं म्हणजे गोल होणार नाही हे कळलं त्याच क्षणी माघार घेणं. उदाहरणार्थ, बोट ६० पिक्सेल सरळ रेषेत गेलं आणि दिशा जराही वळली नाही, तर थांबण्यात अर्थ नाही. हा आकडा तुमच्या ओळीच्या उंचीप्रमाणे ठरवा.

१८ की ८?

ही चूक सापडायला सर्वात कठीण, म्हणून जरा सविस्तर.

बोट किती हललं की त्याला ‘सरकणं’ म्हणायचं, यासाठी फ्लटरचा मूळ आकडा १८ लॉजिकल पिक्सेल (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारं माप) आहे. सर्व दिशांनी चालणाऱ्या पॅनसाठी तो दुप्पट, ३६. म्हणूनच उभ्या यादीत पॅन ठेवला की उभ्या हालचालीत यादी १८ वर ‘माझं’ म्हणून मोकळी होते आणि पॅन ३६ ची वाट पाहत बसतो.

पण अँड्रॉइडवर फोन स्वतःचा आकडा पाठवतो आणि तो सहसा ८ असतो. तिथे १६० लॉजिकल पिक्सेलना साधारण एक इंच धरला, तर १८ म्हणजे जवळपास २.९ मिलिमीटर आणि ८ म्हणजे १.३ मिलिमीटर. यादी हा आकडा मीडिया क्वेरीच्या (फोन-स्क्रीनची माहिती देणाऱ्या विजेटच्या) जेश्चर सेटिंग्जमधून आपोआप घेते. तयार जेश्चर डिटेक्टरही घेतो. तुम्ही रॉ जेश्चर डिटेक्टर वापरून स्वतःचा रेकग्नायझर बसवला, तर ही सेटिंग्ज तुम्हालाच त्याच्या हातात द्यावी लागतात. ते राहून गेलं की यादी ८ वर उठते आणि तुमचा रेकग्नायझर १८ वर. ॲप डेस्कटॉपवर किंवा वेबवर चालवून माउसने ओढून पाहिलं तर यातलं काहीच दिसत नाही, कारण माउससाठी हा उंबरठा १ पिक्सेलचा आहे. खऱ्या फोनवर मात्र यादीच प्रत्येक वेळी जिंकते.

सेटिंग्ज दिल्यावरही गोलाचा मूळ प्रश्न उरतोच. गोल पूर्ण होईपर्यंत तुम्ही थांबणार, आणि यादी ८ पिक्सेलांत निर्णय घेणार. ही शर्यत मोकळ्या ओळीवर जिंकता येत नाही. ओळीच्या एका टोकाला, समजा टोपलीच्या फोटोवर, किमान ७२ बाय ७२ पिक्सेलांची जागा गोलासाठी राखून ठेवा आणि तिथे बोट टेकताच ‘ॲक्सेप्टेड’ म्हणा. त्या चौकोनातून यादी सरकणार नाही, ही किंमत मोजावी लागते. फोटोवरचा टॅपही मग त्याच रेकग्नायझरने ओळखायचा.

जुनी माहिती चिकटून राहणं

रॉ जेश्चर डिटेक्टरला दोन फंक्शनं द्यावी लागतात. पहिलं रेकग्नायझर तयार करतं आणि एकदाच चालतं. दुसरं त्यात कॉलबॅक भरतं आणि विजेट पुन्हा बांधलं जाईल तेव्हा दर वेळी चालतं. कॉलबॅक पहिल्यात भरला तर तो कायम पहिल्याच टोपलीकडे बोट दाखवत राहतो. लिलावात यादी सतत बदलते: नवी टोपली वर आली, ओळी खाली सरकल्या, आणि गोल सुरमईवर काढला तरी रद्द झाला बांगडा. पैशाच्या नोंदीत ही चूक फार महागात जाते. ओळींना टोपलीच्या क्रमांकाची ‘की’ (ओळख) द्या आणि कॉलबॅक नेहमी दुसऱ्या फंक्शनमध्ये भरा. उलट, आतापर्यंत जमवलेले बिंदू दुसऱ्या फंक्शनमध्ये रिकामे करू नका. नवी बोली आली की अर्धा काढलेला गोल पुसला जाईल.

बिंदू रिकामे करायची जागा एकच: शेवटच्या बोटाचा माग सुटल्यावर बोलावलं जाणारं फंक्शन. तिथे टायमरही रद्द करा, आणि ‘डिस्पोज’मध्ये (रेकग्नायझर मोडीत काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) पुन्हा एकदा. नाहीतर स्क्रीन बदलल्यावरही लाँग प्रेसचा ५०० मिलिसेकंदांचा टायमर मागून वाजतो.

बोटाचा माग सुरू करताना इव्हेंटसोबतचा ट्रान्सफॉर्म (स्क्रीनवरची जागा विजेटच्या मापात बदलणारं गणित) पुढे द्यायलाही विसरू नका. तो दिला नाही तर स्थानिक म्हणून मिळणारे आकडे खरं तर पूर्ण स्क्रीनचे असतात, आणि ‘बोट राखीव चौकोनात आहे का’ ही तपासणी फक्त सर्वात वरच्या डाव्या कोपऱ्यात बरोबर येते.

ओलं बोट, खारं पाणी

फोनची स्क्रीन बोटामुळे होणारा विद्युत धारिता-बदल मोजते. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे मासळी हाताळलेल्या ओल्या हाताने दोन बोटं एक दिसणं, थेंबाचं बोट होणं, बिंदू एकदम दूर उडणं हे सगळं घडतं. पावसात फोन प्लास्टिकच्या पिशवीत असतो, तेव्हा उलट स्पर्श मधेच तुटतो. कोडने हे गृहीत धरायला हवं.

‘पॉइंटर कॅन्सल’ हा इव्हेंट ‘पॉइंटर अप’सारखा हाताळू नका. कॅन्सल म्हणजे प्रणालीने बोट काढून घेतलं: बिंदू टाका, नकार द्या, काहीही नोंदवू नका. पहिलं बोट चालू असताना आलेलं दुसरं बोट सुरुवातीलाच नाकारा. सलग दोन बिंदूंमधला वेग सेकंदाला ८,००० पिक्सेलांच्या वर गेला तर तो बिंदू संशयास्पद धरा. फ्लटरने फेकण्याच्या वेगाला घातलेली कमाल मर्यादाही हीच आहे. असे दोन-तीन बिंदू आले तर आख्खा प्रयत्न सोडून द्या.

वेग काढताना फोनचं घड्याळ वापरू नका, इव्हेंटवरचीच वेळ वापरा. स्वस्त फोन अडखळला की इव्हेंट गठ्ठ्याने येतात, आणि घड्याळाप्रमाणे ते सगळे एकाच क्षणी घडल्यासारखे दिसतात. तयार व्हेलॉसिटी ट्रॅकरला इव्हेंटची वेळ दिली की तो शेवटच्या १०० मिलिसेकंदांतले बिंदू बघून वेग काढतो.

आकाराचं गणित

गोल, बरोबरची खूण, फुली यांसाठी २००७ मध्ये वॉब्रॉक, विल्सन आणि ली यांनी मांडलेली ‘डॉलर वन’ पद्धत पुरेशी आहे: रेघेवर समान अंतराने ६४ बिंदू घ्या, फिरवा, एका मापात बसवा, मध्यावर आणा, नमुन्याशी अंतर मोजा. समान अंतराची पायरी गाळली तर सावकाश काढलेल्या भागात बिंदूंची गर्दी होते आणि तोच गोल ओळखू येत नाही. ही पद्धत फिरवण्याकडे दुर्लक्ष करते, म्हणून वर आणि खाली दाखवणारे बाण तिला एकच वाटतात. सरळ रेघ चौकोनी मापात ताणली की तिचा कंप आकार बनून बसतो. रेघा आधीच वेगळ्या काढा. डावीकडून आणि उजवीकडून काढलेल्या गोलांचे नमुने वेगळे द्या. नमुने मात्र ॲप जे वापरणार आहेत त्यांच्या हातचेच घ्या.

उरलेल्या काही गोष्टी थोडक्यात. ओळीवर डबल टॅप ठेवला की प्रत्येक साधा टॅप ३०० मिलिसेकंद उशिरा लागतो, लिलावाच्या घाईत तो नकोच. अँड्रॉइड १० पासून दोन्ही कडांवरून सरकवणं म्हणजे मागे जाणं, त्यामुळे राखीव चौकोन कडेला चिकटवू नका. टॉकबॅक (अँड्रॉइडवर स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्याला गोल काढता येत नाही. सिमँटिक्समध्ये, म्हणजे अशा सोयींसाठी विजेटला जोडलेल्या माहितीत, ‘नोंद रद्द करा’ अशी कृती द्या आणि ओळीच्या मेनूतही तोच पर्याय ठेवा.

बिघाड शोधताना अरेनाची निदान-नोंद दाखवणारा डीबग ध्वज चालू करा. कोण उतरलं, कोण हटलं, कोण जिंकलं हे ओळीने छापलं जातं. विजेट चाचणीत बोट हलवताना वेळही द्या, नाहीतर सगळे बिंदू शून्याव्या क्षणी पडतात आणि वेग कधीच मिळत नाही. खऱ्या चाचणीची तारीख आधी ठरवा: यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा लिलाव नसतो. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा निघतात, पाऊसही असतो. तेव्हा बंदरावर जा. एकाच फोनवर कोरड्या हाताने २०, ओल्या हाताने २० आणि पिशवीतून २० गोल काढायला लावा. किती सुटले याच्या जोडीला, गोल न काढता किती नोंदी रद्द झाल्या तेही वेगळं लिहा. दुसरा आकडा शून्य येईपर्यंत रद्द केल्यावर ‘परत आणा’ हे बटण पाच सेकंद दिसत ठेवा.